निर्वासितांना ठेवायचं की परत पाठवायचं? शेवटचा शब्द कुणाचा: सरकारचा, कोर्टाचा की सुरक्षेचा? जाणून घ्या सोप्या भाषेत

थंडी पडायला लागली की अनेक तालुक्यांच्या आणि जिल्ह्यांच्या गावी तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. घासाघीस करून मफलर, कानटोपी घेतली जाते. ही माणसं कोण, कुठली, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड-गोठणगाव परिसरात तर तिबेटी निर्वासितांची वसाहतच आहे. १९७० च्या दशकापासून हे लोक तिथे शेती करतात आणि थंडीत स्वेटर विकायला बाहेर पडतात.

दुसरीकडे मोबाईलवर मेसेज फिरत असतात. ‘रोहिंग्या घुसलेत, सावध राहा’, ‘कोर्ट यांना का वाचवतं?’, ‘सरकार यांना एका रात्रीत का हाकलत नाही?’

दोघेही परदेशातून आलेले. मग एकाला बाजारात दुकान लावता येतं आणि दुसऱ्याला तुरुंगासारख्या केंद्रात का ठेवतात? हे ठरवतं कोण? निवडून दिलेलं सरकार, कोर्ट की सुरक्षा यंत्रणा? या प्रश्नांची उत्तरं वाटतात तेवढी सरळ नाहीत. पण ती प्रत्येकाला माहीत असायला हवीत, कारण या वादात कधी कधी आपल्याच देशाचा नागरिक भरडला जातो.

निर्वासित आणि घुसखोर यांच्यात फरक काय?

युद्ध, दंगल, छळ यामुळे जिवाच्या भीतीने जो देश सोडून येतो, तो निर्वासित. जो परवानगी नसताना चोरवाटेने येतो, तो कायद्याच्या भाषेत बेकायदा स्थलांतरित, म्हणजे बोलीभाषेत घुसखोर. अडचण अशी की जीव वाचवायला पळणारा माणूस पासपोर्ट आणि व्हिसा घेऊन क्वचितच येतो. त्यामुळे एकच माणूस स्वतःला निर्वासित म्हणतो आणि सरकारी कागदावर तो घुसखोर असतो.

महाराष्ट्राला निर्वासित नवे नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सुमारे पाच हजार पोलिश लोक कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत राहिले. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी कुटुंबं आली आणि तिथेच उल्हासनगर उभं राहिलं. गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी, मुलचेरा तालुक्यांत पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं वसली. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून साधारण एक कोटी लोक भारतात आले, तेव्हा त्यांच्या मदतीसाठी पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागायचं. जुन्या लोकांना ते अजून आठवत असेल.

भारतात निर्वासितांसाठी कायदा आहे का?

नाही. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

निर्वासितांच्या हक्कांसाठी १९५१ मध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला. जिथे जिवाला धोका आहे तिथे निर्वासिताला परत ढकलायचं नाही, हे त्यातलं मुख्य तत्त्व. भारताने या करारावर सही केलेली नाही. देशातही निर्वासितांसाठी वेगळा कायदा झालेला नाही. खासदार शशी थरूर यांनी २०१५ मध्ये असा कायदा व्हावा म्हणून खासगी विधेयक मांडलं होतं, पण ते मंजूर झालं नाही.

त्यामुळे निर्वासित असो वा पर्यटक, सगळे ‘परदेशी नागरिक’ या एकाच खात्यात मोजले जातात. अनेक दशकं त्यासाठी १९४६ चा परदेशी नागरिक कायदा होता. तो आणि आणखी तीन जुने कायदे रद्द करून संसदेने २०२५ मध्ये स्थलांतर आणि परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा केला. १ सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे. वैध कागदपत्रांशिवाय देशात शिरलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरला तर सात वर्षांपर्यंत कैद, अशी त्यात तरतूद आहे. पण निर्वासित कुणाला म्हणायचं, हे या कायद्यातही सांगितलेलं नाही.

सरकारच्या हातात काय आहे?

जवळपास सगळं धोरण. परदेशी माणसाला देशात येऊ द्यायचं की नाही, राहू द्यायचं की बाहेर काढायचं, हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या यादीत टाकला आहे. राज्य सरकारला, जिल्हाधिकाऱ्यांना किंवा ग्रामपंचायतीला परस्पर निर्णय घेता येत नाही.

कायदा नसल्याने केंद्र सरकार गटागटाने निर्णय घेतं. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यानंतर तिबेटींना जमीन आणि नोंदणीचा दाखला मिळाला. श्रीलंकेतल्या तमिळांसाठी तमिळनाडूत छावण्या झाल्या. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना नागरिकत्वाची वाट मोकळी केली. छळ झालेल्या अल्पसंख्याकांना आसरा देणं ही आपली जबाबदारी आहे, असं सरकार सांगतं. धर्म पाहून फरक करणं घटनेत बसत नाही, असं विरोधक म्हणतात. हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आहे.

केंद्र आणि राज्य यांच्यातही ओढाताण होते. २०२१ मध्ये म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता बळकावली, तेव्हा तिथले हजारो लोक मिझोरममध्ये आले. केंद्राने सीमेवरच्या राज्यांना कळवलं की त्यांना आत घेऊ नका. पण मिझोरमच्या लोकांशी त्यांचं रक्ताचं नातं. तिथल्या राज्य सरकारने त्यांना आसरा दिला. दोन्ही सरकारं लोकांनीच निवडून दिलेली होती.

मग कोर्टाचा संबंध येतो कुठे?

राज्यघटनेत काही हक्क फक्त नागरिकांना आहेत आणि काही ‘कोणत्याही व्यक्तीला’ आहेत. देशात कुठेही राहण्याचा, स्थायिक होण्याचा हक्क कलम १९ मध्ये आहे आणि तो फक्त भारतीय नागरिकांचा आहे. पण कायद्यापुढे समानता देणारं कलम १४ आणि जीविताचं व व्यक्तिस्वातंत्र्याचं रक्षण करणारं कलम २१ नागरिक नसलेल्यालाही लागू आहे.

गावातलं उदाहरण घेतलं तर हे लवकर समजतं. समजा, गायरान जमिनीवर कुणी अतिक्रमण केलं. ते काढायचा अधिकार प्रशासनाला आहे, याबद्दल वाद नाही. पण म्हणून रात्री जेसीबी आणून माणसं आत असताना घर पाडता येत नाही. आधी नोटीस द्यावी लागते, त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, मग कारवाई होते. कोर्ट त्या माणसाच्या नावावर गायरान करून देत नाही. अतिक्रमण नियमाने काढलं का, एवढंच बघतं.

निर्वासितांबाबत कोर्टाचं काम बरंचसं असंच आहे. १९५५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की परदेशी माणसाला देशाबाहेर काढायचा सरकारचा अधिकार फार मोठा आहे. १९९१ मध्ये ते पुन्हा सांगितलं. परदेशी व्यक्तीला कलम २१ चं संरक्षण आहे, पण इथे राहण्याचा हक्क नाही.

चकमा प्रकरण: कोर्टाने जीव वाचवला

पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण झालं. त्यात चकमा आदिवासींच्या जमिनी गेल्या. धरणग्रस्त होणं म्हणजे काय, हे कोयना, उजनीच्या लोकांना वेगळं सांगायला नको. १९६४ पासून यातले हजारो लोक भारतात आले आणि केंद्राने त्यांना आजच्या अरुणाचल प्रदेशात वसवलं.

पण तिथे आधीपासून राहणाऱ्या जमातींना वाटू लागलं की आपली जमीन, जंगल जाईल आणि आपणच आपल्या गावात अल्पसंख्य होऊ. ही भीती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. छोट्या लोकसंख्येच्या राज्यात थोडी माणसंही जास्त वाटतात. १९९४-९५ मध्ये तिथल्या विद्यार्थी संघटनेने चकमांना राज्य सोडून जाण्यासाठी मुदती दिल्या. तणाव वाढला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोग सर्वोच्च न्यायालयात गेला.

९ जानेवारी १९९६ ला निकाल आला. न्यायालयाने राज्य सरकारला बजावलं की प्रत्येक चकमा माणसाच्या जिवाचं रक्षण करा, जमावाला त्यांना हुसकावू देऊ नका, गरज पडली तर निमलष्करी दलाची मदत घ्या. कायदेशीर मार्गाशिवाय कुणालाही घरातून काढायचं नाही. त्यांचे नागरिकत्वाचे अर्जही अडवून ठेवू नका, केंद्राकडे पाठवा.

न्यायालयाने स्वतः कुणाला नागरिकत्व दिलं नाही. तो निर्णय केंद्राकडेच ठेवला. फक्त एवढं सांगितलं की कोण राहणार आणि कोण जाणार, हे जमाव ठरवणार नाही.

पण कोर्टाच्या ताकदीची मर्यादाही इथेच दिसते. अर्ज रखडले. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश देऊन तीन महिन्यांची मुदत घालावी लागली. राज्यातून विरोध कायम राहिला आणि मुदत उलटून गेली. कोर्ट आदेश देऊ शकतं. तो राबवायला सरकार लागतं आणि सरकारला लोकांची नाराजी सांभाळावी लागते.

रोहिंग्या प्रकरण: कोर्टाने सरकारचं ऐकलं

रोहिंग्या हे म्यानमारमधले बहुतांश मुस्लिम असलेले लोक. तिथलं सरकार त्यांना नागरिक मानत नाही. २०१७ मध्ये तिथल्या लष्करी कारवाईनंतर लाखो लोक बांगलादेशात पळाले. त्याआधीपासून काही जण भारतातही आले होते. त्यांची संख्या सुमारे ४० हजार असल्याचं केंद्र सरकारने २०१७ मध्ये संसदेत सांगितलं. त्यातल्या काही जणांकडे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेची ओळखपत्रं आहेत. पण त्या कार्डाने भारतात राहण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही, ही सरकारची भूमिका आहे.

मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून अधिक रोहिंग्यांना पकडून स्थानबद्ध केलं. त्यांना सोडा आणि परत पाठवू नका, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयात झाली. घुसखोरीमागे दलालांच्या टोळ्या आहेत, सीमा मोकळ्या आहेत आणि देशाच्या सुरक्षेला धोका आहे, असं सरकारने सांगितलं.

मूळचे नागपूरचे असलेले तत्कालीन सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या खंडपीठाने ८ एप्रिल २०२१ ला आदेश दिला. न्यायालयाने सुटकेची मागणी फेटाळली. कलम १४ आणि २१ सगळ्यांना लागू आहे हे मान्य केलं, पण देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क हा राहण्याच्या हक्काला जोडलेला आहे आणि तो फक्त नागरिकांना आहे, असं सांगितलं. मात्र शेवटी एक अट घातली: ठरलेली कायदेशीर प्रक्रिया पूर्ण केल्याशिवाय त्यांना परत पाठवायचं नाही.

या आदेशावर दोन मतं आहेत. काही कायदेतज्ज्ञ म्हणतात की जिथे जीव जाऊ शकतो तिथे माणूस पाठवायची परवानगी म्हणजे कलम २१ चा अर्थच कमी करणं. गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये इराकी निर्वासितांच्या प्रकरणात वेगळा विचार केला होता. देशाच्या सुरक्षेला धोका नसेल, तोवर अशा माणसाला मरणाच्या दारात ढकलू नये, असं तिथे म्हटलं होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की परराष्ट्र संबंध, गुप्तचर माहिती, सीमेवरची परिस्थिती हे कोर्टाला बसल्या जागी कळत नाही, ते निवडून आलेल्या सरकारलाच ठरवू द्यावं.

रोहिंग्यांना निर्वासित म्हणायचं की बेकायदा आलेले परदेशी, हा मुख्य प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्वतःच सुनावणीसाठी नोंदवून घेतला आहे.

कोर्ट म्हणजे नेहमी नरम, असं आहे का?

अजिबात नाही. आसामचं उदाहरण उलटं आहे. १९८३ मध्ये संसदेने आसामसाठी वेगळा कायदा केला. त्यात एखादा माणूस घुसखोर आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर आणि यंत्रणेवर टाकली होती. त्यामुळे घुसखोर सापडणं जवळपास अशक्य झालं, अशी तक्रार होती. पुढे आसामचे मुख्यमंत्री झालेले सर्बानंद सोनोवाल सर्वोच्च न्यायालयात गेले. २००५ मध्ये न्यायालयाने हा कायदाच घटनाबाह्य ठरवला. राज्यांचं बाह्य आक्रमणापासून रक्षण करणं हे केंद्राचं घटनात्मक कर्तव्य आहे, याची आठवण करून दिली. म्हणजे इथे सरकारचा कायदा सैल होता आणि सुरक्षेचा मुद्दा कोर्टाने लावून धरला.

मे २०२५ मध्ये श्रीलंकेच्या एका तमिळ माणसाच्या अर्जावर सुनावणी करताना, भारत म्हणजे धर्मशाळा नाही, असंही सर्वोच्च न्यायालय म्हणालं.

सुरक्षेची भीती खरी की बागुलबुवा?

भीती खोटी नाही. २१ मे १९९१ ला श्रीपेरुम्बुदूर इथे माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची हत्या झाली. ती श्रीलंकेतल्या लिट्टे या तमिळ संघटनेने घडवून आणली होती. कोण येतंय, कुठे राहतंय, बनावट आधार कार्ड कोण बनवून देतंय, हे बघणं यंत्रणेचं कामच आहे.

पण त्या हत्येनंतर छावण्यांमध्ये राहणाऱ्या हजारो साध्या तमिळ कुटुंबांकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं. त्यांचा त्या कटाशी काही संबंध नव्हता. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं. म्हणूनच सुरक्षेचं कारण दिलं की प्रश्न संपत नाही. ते कारण त्या माणसाला लागू आहे का, हे कुणीतरी तपासावं लागतं.

नियम मोडले तर भारतीयच कसा अडकतो?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि मेसेजमध्ये तो कधीच नसतो. आपण परदेशी नाही, हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच टाकली आहे. पकडलेल्या माणसाचे कागद जर कुणी पाहिलेच नाहीत, तर तो काय करणार?

जून २०२५ मध्ये मुंबई परिसरात कामाला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून पकडलं आणि सीमेवर नेऊन पलीकडे पाठवलं. ते भारतीय असल्याचे कागद पश्चिम बंगालमधून आल्यावर त्यांना परत आणावं लागलं. दिल्लीतही बीरभूम जिल्ह्यातल्या दोन कुटुंबांना असंच सीमेपार पाठवलं. त्यात एक गर्भवती महिला होती. केंद्राच्याच सूचनांप्रमाणे पडताळणी करायला हवी होती, ती झाली नाही, असं सांगून कलकत्ता उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना परत आणण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. डिसेंबर २०२५ मध्ये ती महिला आणि तिचा लहान मुलगा भारतात परतले.

आज ते बंगाली मजूर होते. पण ऊसतोडीला कर्नाटकात जाणारा बीडचा मजूर, वीटभट्टीवर जाणारं आदिवासी कुटुंब, गावोगाव पाल टाकून राहणारे भटक्या जमातीचे लोक यांच्याकडे तरी सगळे कागद कुठे असतात? ज्या चाळणीने परदेशी माणूस वेगळा काढायचा, ती चाळणीच फेकून दिली तर आपलं धान्यही खड्यांबरोबर जातं. नोटीस, पडताळणी, म्हणणं मांडायची संधी ही परदेशी माणसावरची मेहेरबानी नाही. ती भारतीय माणसाचीही ढाल आहे.

गावात काय लक्षात ठेवावं?

• परदेशी किंवा संशयित व्यक्ती आढळली तर पोलिसांना कळवावं. ओळख पटवण्याचा, मारहाण करण्याचा किंवा हुसकावण्याचा अधिकार गावाला किंवा कोणत्याही संघटनेला नाही. तसं करणं हाच गुन्हा आहे.

• भाषा किंवा पेहराव बघून कुणी परदेशी ठरत नाही. बंगाली बोलणारा माणूस पश्चिम बंगाल, आसाम किंवा आपल्या गडचिरोलीचाही असू शकतो.

• परदेशी नागरिक मुक्कामाला ठेवला तर लॉजमालकाने त्याची माहिती प्रशासनाला देणं कायद्याने बंधनकारक आहे. दवाखाने आणि शिक्षणसंस्थांवरही अशी जबाबदारी आहे.

• कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांनी जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, मतदार ओळखपत्र यांच्या प्रती जवळ ठेवाव्यात. एक संच घरीही ठेवावा, म्हणजे वेळ पडली तर घरच्यांना लगेच पाठवता येतो.

• फोटो किंवा व्हिडिओ कुठला, कधीचा हे माहीत नसेल तर पुढे पाठवू नये.

मग शेवटचा शब्द कुणाचा?

कुणा एकाचा नाही. देशात कोण राहणार हे सरकार ठरवतं, कारण त्या निर्णयाचा जाब त्याला मतदारांना द्यावा लागतो. बाहेर कसं काढायचं हे कायदा ठरवतो. तो कायदा पाळला की नाही हे कोर्ट बघतं. सुरक्षा हे मोठं कारण आहे, पण ते तपासावं लागतं.

निर्वासितांसाठी साधा, स्पष्ट कायदा नसल्याने आज प्रत्येक गटाचा प्रश्न वेगळा लढला जातो. निर्वासित कुणाला म्हणायचं, तपासणी किती दिवसांत करायची, धोकादायक माणूस कसा ओळखायचा, अपील कुठे करायचं, हे संसदेने एकदा लिहून ठेवलं तर सरकारचा हात बांधला जाणार नाही आणि कोर्टावरचा बोजाही हलका होईल. तोपर्यंत स्वेटर विकणारा तिबेटी माणूस पन्नास वर्षांनंतरही आपल्या नोंदणी दाखल्याच्या नूतनीकरणाची तारीख बघत राहील आणि जम्मूच्या केंद्रातला रोहिंग्या कोर्टाच्या पुढच्या तारखेची वाट बघत बसेल.